मर्लिन अ‍ॅप: इंदिरानगरच्या मागच्या अंगणातला वसंत

मर्लिन बर्ड आयडी हे अ‍ॅप फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत, आणि एकदा आपल्या भागातल्या पक्ष्यांचा पॅक उतरवून घेतला की आवाज ओळखायचं काम फोनला रेंज नसतानाही चालतं. घ्यायचं की नाही एवढंच ज्यांना ठरवायचं आहे त्यांना माझं उत्तर: घ्या, आजच घ्या. पुढचं सगळं मी त्यांच्यासाठी लिहितेय ज्यांना रोज सकाळी पक्षी ऐकू येतात, पण कोण काय म्हणतंय ते उलगडत नाही.

मी नाशिकच्या इंदिरानगरला रो-हाउसमध्ये राहते आणि घरीच गायन आणि पेटी शिकवते. घरामागे छोटं अंगण आहे. त्यात शेवगा, पेरू, कढीपत्ता आणि जास्वंदीचं जुनं झुडूप. भिंतीपलीकडे एक मोकळा प्लॉट, त्यावर रुई, घाणेरी आणि दोन बाभळी. शेजारच्या काकांचा मोठा कडुनिंब अर्धा आमच्याकडे झुकलेला आणि गल्लीच्या टोकाला उंबर. गच्चीत गेलं की पांडवलेणीचा डोंगर दिसतो. एवढाच माझा मुलूख. पक्षी म्हटलं की नाशिकमध्ये नांदूरमध्यमेश्वरचं नाव निघतं आणि ते निघायलाच हवं. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ क्षेत्र आहे ते. पण तिथं जायला गाडी, दुर्बीण आणि मोकळा रविवार लागतो. अंगणात बसायला चहाचा कप पुरतो, आणि वसंत ऋतूपुरतं बोलायचं तर ऐकण्यासारखं इथंच पुष्कळ आहे.

अ‍ॅप अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेनं काढलेलं आहे. 2014 पासून ते आहे. सुरुवातीला ते प्रश्न विचारून पक्षी ओळखून द्यायचं: कुठे दिसला, कधी दिसला, केवढा होता, रंग कोणते, काय करत होता. ती सोय आजही आहे, फोटो दाखवून ओळखायचीही आहे. पण माझ्यासारखीच्या कामाची गोष्ट 2021 मध्ये आली, ती म्हणजे साउंड आयडी. बटण दाबायचं, फोन ओट्यावर ठेवायचा आणि गप्प बसायचं. जो पक्षी बोलेल त्याचं नाव आणि चित्र पडद्यावर येतं. तोच पुन्हा बोलला की त्याचं नाव पिवळं होतं. पाच-सहा पक्षी एकदम बोलत असताना कोणता आवाज कुणाचा, हे त्या पिवळ्या रंगामुळे समजतं. शिकण्याच्या दृष्टीनं मला हीच सगळ्यात मोलाची सोय वाटते. नाव कुणीही सांगेल. नाव आणि आवाज एकाच क्षणी समोर आले की ते डोक्यात बसतं.

हे चालतं कसं, तेही सांगते, कारण गाणाऱ्या माणसाला त्यात फार रस वाटेल. अ‍ॅप आवाजाचं चित्र काढतं. स्पेक्ट्रोग्राम म्हणतात त्याला. आडवा काळ सरकतो आणि उभा सूर: खर्जातला आवाज खाली उमटतो, तार सप्तकातला वर. आवाज जितका मोठा तितकी रेघ गडद. मग त्या चित्राची तुलना केली जाते ती कॉर्नेलच्याच मॅकॉले लायब्ररीतल्या, जगभरच्या लोकांनी दिलेल्या रेकॉर्डिंगच्या चित्रांशी. म्हणजे खरं तर ते आवाज बघून ओळखतं. ही चित्रं पडद्यावर आपल्यालाही दिसत राहतात, आणि थोड्या सवयीनं ती वाचता यायला लागतात. तांबटाची ओळ म्हणजे एका उंचीवर, समान अंतरावर पडलेले ठिपके. कोकिळाचे वर वळणारे आकडे, प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा थोडा उंच. सूर्यपक्ष्याची बारीक गिचमीड अगदी वरच्या कडेला. भारद्वाजाचं हूप-हूप पार तळाशी.

माझ्या पेटीला साडेतीन सप्तकं आहेत. तिची शेवटची पट्टी ज्या सुरावर संपते, साधारण तिथूनच बऱ्याच पक्ष्यांचं गाणं सुरू होतं. गाणारे पक्षी बहुतेक 1 ते 8 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात गातात. एवढ्या वरचे सूर आपल्याला ऐकू तर येतात, पण त्यातली हालचाल पकडायला आपला कान तयार केलेला नसतो. चित्रानं ती दाखवली की कान मागोमाग जातो. माझ्या एका विद्यार्थिनीनं त्या पडद्यासमोर सा ते पंचम अशी मींड घेऊन बघितली. तिची रेघ मध्येच दोनदा मोडली होती. तिनं ती पुन्हा घेतली, पुन्हा घेतली, शेवटी रेघ अखंड आली तेव्हा केवढी खूश झाली. अ‍ॅप त्यासाठी केलेलं नाही, पण गाणं शिकवणाऱ्यांनी हा उपयोग जरूर करून पाहावा.

आता वसंताकडे येते.

वसंत आला की दूरदेशीचे पक्षी परततात, गाऊ लागतात आणि हिवाळा संपला असं कळतं, असं आपण वाचत आलोय. ते वर्णन बर्फ पडणाऱ्या देशांचं आहे आणि तिथं ते अगदी खरं आहे. नाशिकमध्ये घडतं ते याच्या जवळजवळ उलट. आपल्याकडे उत्तरेचे पाहुणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात, थंडी आपल्या अंगणात काढतात आणि मार्च-एप्रिलमध्ये जायला निघतात. आणि जे वसंतात ‘येतात’ असं आपण म्हणतो, तो कोकीळ, तो तांबट, तो दयाळ, ते इथलेच असतात. थंडीत ते गप्प असतात, इतकंच. आपल्याकडे वसंतात आगमन होतं ते आवाजांचं. मर्लिनमध्ये रेकॉर्डिंग तारखेसकट साठत जातात, आणि ती ओळीनं ऐकली की ही गोष्ट इतकी स्पष्ट समोर येते की पुन्हा कुणी ‘कोकीळ आला’ म्हटलं की मी ‘कोकीळ बोलला’ असं म्हणते.

सगळ्यात आधी बोलतो तांबट. फेब्रुवारीत, सकाळी अजून अंगावर शाल लागते तेव्हा, उंबराच्या शेंड्याकडून टुक-टुक-टुक सुरू होतं. चिमणीएवढाच, हिरवा, कपाळ आणि छाती लाल, डोळ्याभोवती पिवळं. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडल्यासारखा आवाज म्हणून तांबट, आणि ज्या शहरात तांबट आळी आहे तिथल्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. मिनिटाला शंभराच्या वर ठोके देतो आणि लय हलत नाही. विलंबित ख्यालाला संगत करणाऱ्यांनी ऐकावा असा लयीचा पक्का. चोच मिटलेलीच असते. घसा फुगतो आणि ठोका पडतो. बोलताना मान डावी-उजवीकडे वळवतो, त्यामुळे तो एकाच फांदीवर असूनही आवाज कधी इथून, कधी तिथून येतोय असं वाटतं. डोळ्यांनी शोधायला गेलं की हमखास फसगत होते. अ‍ॅपला दिशेशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे त्याला हा पक्षी फार सोपा जातो. नवीन माणसानं सुरुवात तांबटापासून करावी, त्यात यश मिळतंच.

मग दयाळ. काळापांढरा, शेपटी वर उचललेली, आकारानं बुलबुलाएवढा. थंडीत तो असतो, पण झुडपाच्या बुडाशी, आणि केला तर एखादा घसटता, नाराज आवाज करतो. मार्च लागला की तोच पक्षी पहाटे, अजून अंधार असताना, पाण्याच्या टाकीवर किंवा समोरच्या घराच्या डिशवर जाऊन बसतो आणि जे गातो त्याला मी गाणंच म्हणेन, हे शब्द मी जपून वापरते. छोट्या-छोट्या आकृती, प्रत्येकीनंतर श्वासाएवढी जागा, आणि पुढची आकृती आधीचीच पण शेवट बदललेला. मध्येच दुसऱ्या पक्ष्याचा एखादा तुकडा उचलून आपल्यात बसवतो. मला विचाराल तर नाशिकच्या वसंताचा मुख्य गवई हा आहे. कोकिळाला कवितेनं इतकं डोक्यावर घेतलं की दयाळाकडे कुणी बघितलंच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कोकीळ मात्र कोकीळच. नर काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा, आणि कुहू तोच म्हणतो. मादी ठिपक्याठिपक्यांची असते आणि किक-किक-किक असा घाईचा आवाज करत या झाडावरून त्या झाडावर जाते. हे दोन्ही आवाज एकाच जातीचे आहेत हे पिवळ्या पट्टीत दिसलं की आमच्याकडे येणाऱ्या मुलांना पहिल्यांदा खरं वाटत नाही. मुलांना मी एवढंच सांगते, ऐका, तो प्रत्येक कुहूला सूर कसा चढवतो. चढवत चढवत टोकाला जातो आणि तिथं एकदम थांबतो. पुन्हा खालून सुरुवात. एप्रिल-मेमध्ये कावळे घरटी बांधायला घेतात, आणि कोकिळेला अंडी त्यांच्याच घरट्यात घालायची असतात, म्हणून या दोघांचं वेळापत्रक एकमेकांना बांधलेलं. काकांच्या कडुनिंबावर कावळ्यांची काटक्यांची ने-आण सुरू झाली की किक-किक वाढते.

हे सगळे एकाच सुमाराला का बोलू लागतात? दिवस मोठा होतो म्हणून. नाशिकला डिसेंबरात जेमतेम अकरा तासांचा दिवस असतो, तो जूनमध्ये सव्वातेरा तासांच्या पुढे जातो. प्रकाशाचा हा फरक पक्ष्याच्या मेंदूला कळतो, संप्रेरकं बदलतात, आणि नर हद्द आणि जोडीदार मिळवण्यासाठी गाऊ लागतात. शेवग्याला फूल येतं त्याच सुमारास जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर थंडीतला मळकट वेष टाकून चकचकीत निळा-जांभळा झालेला असतो. आवाज आणि रंग, दोन्ही एकाच हिशेबातून येतात.

आता निघून जाणाऱ्यांबद्दल, कारण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं आणि मर्लिनचा खरा उपकार मला इथं वाटतो.

थिरथिरा सगळ्यांनी बघितलेला असतो, नाव माहीत नसलं तरी. काळसर अंग, तांबडी शेपटी आणि ती सतत थरथरणारी. कंपाउंडच्या भिंतीवर, वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीवर थंडीभर असतो. मार्च सरता सरता तो दिसेनासा होतो. मध्य आशिया आणि हिमालयापलीकडच्या उंच भागांकडे त्याचा उन्हाळा जातो. पण तो निदान दिसतो तरी. त्याच थंडीत जास्वंदीच्या झुडपातून दिवसभर ‘चक... चक...’ असा जिभेनं टाळूवर मारल्यासारखा आवाज येतो. तो आमच्या घरात सगळ्यांच्या कानावर होता आणि त्याला नाव कुणाकडेच नव्हतं. कुणाला वाटे पाल, कुणाला वाटे शिंपी. मर्लिननं सांगितलं: ब्लिथ्स रीड वॉर्बलर. मराठीत वटवट्यांच्या कुळातला. मातकट, बारीक, झुडपाच्या आत राहणारा, अंगणात असून न दिसणारा. उन्हाळ्यात तो पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंतच्या प्रदेशात घरटं करतो. म्हणजे पाच-सहा महिने आमच्या जास्वंदीत राहणारा हा जीव एवढा प्रवास करून आलेला असतो.

आणि एप्रिलमध्ये, निघायच्या आधी, तो गातो. मला हे अजूनही नवल वाटतं. चक-चक करणारा हा पक्षी झुडपाच्या आत बसून दबक्या आवाजात गाण्याचे तुकडे म्हणायला लागतो. एक तुकडा घेतो, तोच पुन्हा म्हणतो, परत म्हणतो, मग दुसरा, आणि मध्ये चक. अगदी रियाज. पूर्ण गळ्यानं तो तिकडे गाईल. इथं आपल्याला मिळते ती तयारी. स्पेक्ट्रोग्राममध्ये तेच तुकडे पुन्हा पुन्हा येताना स्वच्छ दिसतात, एकाशेजारी एक. गाणं शिकवणारीला याहून जास्त काय हवं?

तिसरी निरोपाची गोष्ट भोरड्यांची. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख, मैनांच्याच कुळातल्या. काटेसावर, पळस, पांगारा फुलले की त्यांचे थवे त्यावर तुटून पडतात आणि एवढा कलकलाट करतात की अ‍ॅपची गरजच उरत नाही. आमच्या गल्लीत त्या उंबरावर येतात. माझ्या सासूबाई सिन्नर तालुक्यातल्या. त्यांनी आवाज ऐकला आणि स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, “भोरड्या गं त्या. ज्वारी हुरड्यात आली की आम्ही माळ्यावर उभ्या राहून गोफण फिरवायचो, हात भरून यायचे.” मी विचारलं, “आई, आणि उन्हाळ्यात कुठे जायच्या त्या?” त्या म्हणाल्या, “ज्वारी निघाली की जायच्या. कुठं जायच्या ते कोण बघतंय?” मी त्यांना नकाशा दाखवला, मध्य आशिया, तिथून पुढे युरोपच्या आग्नेय कडेपर्यंत. बराच वेळ त्या तो नकाशा बघत बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे खाऊन घेत होत्या, वाटेसाठी.” अगदी तसंच आहे. लांब उडायच्या आधी पक्षी चरबी साठवतात.

सासूबाई शेतातले पक्षी आवाजावरून झटकन सांगतात: टिटवी, भारद्वाज, पिंगळा, पावशा. पावशा आपल्याकडे एप्रिलपासून बोलायला लागतो. कधी रात्रीसुद्धा. तीन सुरांची पुकार, प्रत्येक वेळी वर वर चढणारी, शेवटी किंचाळल्यासारखी. शेतकऱ्याला त्यात ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ऐकू येतं. शहरात तो कमी आहे, पण मोकळ्या प्लॉटच्या बाभळीवरून कधी कधी ऐकू येतो. त्यांच्या ज्ञानात वटवटे नव्हते, लाल छातीचा माशीमार नव्हता, कारण शेतात त्यांनी ना नुकसान केलं ना पावसाची खबर दिली. अ‍ॅपच्या यादीत मात्र सगळे एका रांगेत येतात. आम्ही दोघी आता संध्याकाळी यादी वाचतो आणि मी प्रत्येकापुढे वहीत मराठी नाव लिहिते. माझ्या फोनवर नावं इंग्रजीत आहेत आणि मी ती तशीच ठेवली आहेत. मराठी नाव हातानं लिहिलं की पक्कं होतं.

आता वापरताना काय सांभाळायचं ते. साउंड आयडी देतं ती सूचना, दाखला नव्हे. कॉर्नेलचंच म्हणणं आहे की नाव आलं की पक्षी बघून किंवा नीट ऐकून खात्री करावी, आणि ते मला पूर्ण पटतं. शिवाय आपल्याकडे नकला करणारे पक्षी कमी नाहीत. कोतवाल शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्याचा आवाज काढतो, खाटीक तर कितीतरी पक्ष्यांचे तुकडे जोडून म्हणतो, दयाळाचं वर आलंच. आवाजावर चालणारं कोणतंही यंत्र अशा वेळी नकलेचं नाव सांगणार, कारण त्याला चोच दिसत नाही. यादीत शिक्रा आला आणि खारी निवांत खेळतायत, तर तारेवर कोतवाल आहे का ते बघा.

फोनच्या माइकवर बरंच अवलंबून आहे. फोन माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेले असतात, त्यामुळे पार खालचे, घुमणारे आवाज आणि लांबचे आवाज त्यात फिके पडतात. भारद्वाज तीन घरं पलीकडे घुमत असेल तर कानाला ऐकू येतो, पडद्यावर रेघ उमटत नाही. फोन हातात धरू नका, बोटांची घासाघीस सगळी आत जाते. ओट्यावर, एखाद्या दुमडलेल्या टॉवेलवर ठेवा, माइक झाडाकडे करून. आणि वेळ पाळा. आमच्याकडे साडेसहाला टाक्या भरायच्या मोटारी सुरू होतात, मग मिक्सर, मग घंटागाडी. त्याआधीचा अर्धा तास सोन्यासारखा. पहाटे हवा स्थिर असते, आवाज लांब जातो आणि पक्षीही तेव्हाच सर्वात जास्त गातात. गुढीपाडव्याच्या सुमाराला कडुनिंब मोहरतो, त्या दिवसांत तर मी शक्यतो एकही पहाट सोडत नाही.

एका गोष्टीचा मात्र आग्रह धरते. अ‍ॅपमध्ये प्रत्येक पक्ष्याची रेकॉर्डिंग ऐकायला मिळतात. ती घरात बसून, हेडफोन लावून ऐका. अंगणात मोठ्या आवाजात लावू नका, आणि मार्च ते जुलै तर मुळीच नाही. दयाळाच्या नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा आला. तो खाणं सोडतो, घरट्याकडचं लक्ष सोडतो आणि नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. फोटोसाठी पक्षी जवळ यावा म्हणून हे केलं जातं. मला ते सहन होत नाही. कुणाच्या घराबाहेर उभं राहून त्याला खोटी हाक मारायची आणि तो बाहेर आला की फोटो काढायचा, याला छंद म्हणू नये.

ज्यांना थोडं पुढे जायचं आहे त्यांच्यासाठी: मर्लिनला अमुक जागी अमुक महिन्यात कोणते पक्षी असण्याची शक्यता आहे हे कळतं ते ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावरच्या नोंदींवरून. त्या नोंदी तुमच्या-माझ्यासारखे लोक करतात. नाशिकच्या वस्त्यांमधून जितक्या याद्या जातील तितकं इथल्या पक्ष्यांचं चित्र पक्कं होईल. दर फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो. अमेरिकेत तो 1998 मध्ये सुरू झाला, 2013 पासून जगभर आहे. किमान पंधरा मिनिटं एका जागी बसून जे दिसलं, ऐकलं ते नोंदवायचं. अगदी आपल्या अंगणात. यात एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. बरेच लोक आवाजावरून नोंद करतात, त्यामुळे जो पक्षी गप्प असतो तो नोंदींतूनही कमी होतो. म्हणून थंडीत, कोकीळ बोलत नसताना तो पानांत बसलेला दिसला, तर ती नोंद आवर्जून करा. तीच दुर्मिळ.

साठवणुकीचं बघून ठेवा. रेकॉर्डिंग वॅव्ह स्वरूपात जमा होतात आणि फोन पटकन भरतो. मी महिन्यातून एकदा बसते, प्रत्येक पक्ष्याचं त्या महिन्यातलं पहिलं आणि सर्वांत स्वच्छ रेकॉर्डिंग संगणकावर काढून ठेवते, बाकीची पुसते. ऐकताना पूर्ण फाइल चाळावी लागत नाही. यादीतल्या नावावर बोट ठेवलं की ते रेकॉर्डिंगमधल्या त्या पक्ष्याच्या जागेवर नेतं.

दूरवरून खरोखर येणारा पाहुणा ज्यांना हवा असेल त्यांनी मेअखेरपासून कान उघडे ठेवावेत. चातक तेव्हा येतो, आफ्रिकेहून, पावसाच्या थोडा पुढे. काळापांढरा, डोक्यावर तुरा, आणि पुकार धातूच्या नादाची. त्याला अजून वेळ आहे. जास्वंदीतला वटवट्या मात्र आत्ता गातोय आणि एप्रिल संपायच्या आत बहुतेक निघेल. तुमच्याकडे दाट झुडूप असेल, मग ते जास्वंदीचं असो, मेंदीचं असो किंवा प्लॉटवरची घाणेरी, तर अ‍ॅप आज रात्रीच उतरवा, कारण पॅक मोठा आहे, वायफायवर घेतलेला बरा. आणि उद्या सहाला फोन त्या झुडपाजवळ ठेवा.